पाण्याचे भय व पोहणे
लेकरू पाण्यास भिते म्हणून त्यास विहिरीत ढकलावे, म्हणजे ते आपोआप पोहू लागेल, असे पुष्कळ वडीलधारे म्हणतात. ही रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. तिने भय दुणावते, आणि प्रसंगी जीवही जातो.

प्रथम कमरेइतक्या संथ पाण्यात, पोहणाऱ्या माणसाजवळ उभे राहावे. तोंड पाण्यात घालून श्वास हळूहळू सोडावा व बुडबुडे निघू द्यावे. भयाचे मूळ बहुधा श्वासातच असते. ही सवय होण्यास कित्येकांस आठ दिवस लागतात. घाई करू नये. मग छाती भरून श्वास घ्यावा व पाठीवर निजावे. शिकविणाऱ्याने मानेखाली हात धरावा. फुप्फुसांत हवा असता बहुतेकांचे शरीर तरंगते. परंतु घाबरा मनुष्य हात व डोके वर काढू पाहतो, आणि जितके अंग पाण्याबाहेर, तितका भार वाढून तो खाली जातो. गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा उभे राहण्यास मात्र आधीच शिकावे. पाठीस वाळला भोपळा बांधण्याची जुनी चाल चांगली. तरी दोरी सुटू शकते, म्हणून शिकविणारा हाताच्या अंतरावरच असावा.

मुलींस पोहणे शिकविण्यास कित्येक घरे कचरतात; विहिरीवर पाण्यास तर बहुधा त्याच जातात.