डोळे मिटा, शेतकरी आठवा



या महिन्याच्या बैठकीत बचत आणि हप्ते जमा झाले की दहा मिनिटं राखून ठेवा. सगळ्यांनी डोळे मिटायचे. एकीनं ‘शेतकरी’ एवढाच शब्द मोठ्यानं म्हणायचा. मनात कोण उभं राहिलं, ते एकेकीनं सांगायचं.

आमच्या गटात आम्ही हे करून पाहिलं. अकरा जणी होतो. कुणाला पटका बांधलेला म्हातारा दिसला, कुणाला नांगर धरलेला गडी, कुणाला ट्रॅक्टरवर बसलेला तरुण. अकराही जणींना बाप्याच दिसला! आणि आमच्यातल्या बहुतेक जणी त्याच सकाळी खुरपणी करून आल्या होत्या. आधी खूप हसलो, मग जरा गप्प झालो. आपण स्वतःच स्वतःला कशा दिसलो नाही?

हे चित्र मनात आलं कुठून, ते बघू. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, कृषी केंद्राबाहेरचा फलक, ट्रॅक्टरची आणि पंपाची जाहिरात आठवा. बहुतेक ठिकाणी शेतकरी म्हणजे पुरुष. बाई असलीच तर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून येणारी. कपड्याचा साबण, तेल, मसाला यांच्या जाहिरातीत मात्र बाई हवीच. मालिकेतली चांगली सून भरजरी साडीत देवघर आणि स्वयंपाकघर सांभाळते, तिच्या पायाला चिखल लागत नाही. असं चित्र एकदा पाहून काही होत नाही. पण लहानपणापासून रोज तेच पाहिलं की ते खरं वाटतं, आणि आपलं काम आपल्यालाच काम वाटेनासं होतं.

याचा तोटा कुठे होतो? दारात माहिती लिहायला कुणी आलं की आपण म्हणतो, “मी काही करत नाही, घरीच असते.” तो लिहितो, ‘गृहिणी’. मग शेतीच्या प्रशिक्षणाचा निरोप येतो तो घरच्या पुरुषाला. फवारणीचं, नव्या वाणाचं ज्ञान त्याला मिळतं. निंदणी, वेचणी, मळणी आपल्याकडेच राहते.

आकडे बघा. सरकारी पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर १०० बायकांपैकी ७५ हून जास्त शेतीत आहेत. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत जमीन कसणारे खातेदार मोजले, तेव्हा १०० मागे बायका निघाल्या साधारण १४.

खरं तर २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं शेतकरी कोण, हे जमिनीच्या मालकीवर ठरवलेलं नाही. कूळ, वाटेकरी, शेतमजूर हेही त्यात शेतकरीच आहेत. म्हणजे नावावर गुंठाभर जमीन नसली तरी राबणारी बाई शेतकरीच.

आणि चित्र बदलता येतं बरं का. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं बसून भाजी निवडतानाचं चित्र आलं. ते बघणाऱ्या पोराला भाजी निवडणं हे बाईचंच काम वाटणार नाही. संयुक्त राष्ट्रांनीही २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आता आपल्या गटानं करायच्या तीन गोष्टी:

१. प्रत्येकीनं बैठकीला एक जाहिरात, पिशवी किंवा वेष्टन आणावं. तीन प्रश्न विचारा : यात काम कोण करतंय? सल्ला कोण देतंय? पैसा कुणाच्या हातात आहे? आपल्या घरी हे तसंच आहे का, यावर बोला आणि इतिवृत्तात लिहा.

२. पेरणीपासून माल बाजारात जाईपर्यंत आपण काय काय करतो, त्याची यादी करा. जनावरांचं शेण-पाणी, धारा काढणं विसरू नका. पुढे कुठल्याही अर्जात ‘व्यवसाय’ विचारला की ‘शेती’ लिहा, किंवा लिहायला सांगा.

३. घरचा सातबारा काढून वाचा. त्यावर आपलं नाव आहे का? राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. पतीनं स्वतःहून अर्ज केला तर त्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. घरी भांडण नको, पण विषय काढा. एकटीला जड वाटलं तर दोघी-तिघी मिळून तलाठ्याकडे चौकशी करा.

पुढच्या अंकासाठी तुमचा शेतातला फोटो ग्रामसंघाकडे द्या. नटूनथटून काढलेला नको, हातात विळा-खुरपं असलेला द्या. फोटोखाली लिहायला तुमचं पूर्ण नाव कळवा, त्यापुढे ‘शेतकरी’ आम्ही छापू.