आत्याची वही

आत्या गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघालं ते एवढंच: तीन पांढऱ्या साड्या, मराठी पवित्र शास्त्र, लक्ष्मीबाई टिळकांचं पान न् पान सुटलेलं 'स्मृतिचित्रे' आणि हिशेबाची एक लांबोडकी वही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिनं पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. प्रत्येक बाळंतपणाला वहीत एक आकडा, पुढं तारीख, गाव, मुलगा की मुलगी, वजन, आई कशी आहे. तिच्याकडून मी जे थोडंफार उचललं, त्यालाही मग आकडेच घालतो.

१. आधी पाणी उकळायला ठेवावं.

आमच्याकडं प्रार्थना लांबलचक. पाळकसाहेब जेवायला आले की रश्श्यावरचा तवंग गोठेपर्यंत डोळे मिटून बसावं लागे. ते श्वास घ्यायला थांबले, की तेवढ्यात आत्या खणखणीत "आमेन" म्हणून मोकळी! बाळंतिणीच्या दारात पाऊल टाकताच तिचा पहिला प्रश्न, "चुलीवर पाणी ठेवलंय का?" प्रभूची प्रार्थना ती हात घासताना म्हणे, कोपरापर्यंत साबण लावून, दोनदा. मला वाटे, केवढी ही भक्ती. पुढं कळलं की तेवढा वेळ घासल्याशिवाय हात स्वच्छच होत नाहीत. तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "दोन्ही कामं होतात की."

२. ऐकायचं तर कान टेकवावा लागतो.

तिच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा वीतभर भोंगा असे. रुंद तोंड पोटावर, चपट्या बाजूला कान. एकदा माझ्या आईच्या पोटावर तो ठेवून तिनं मला वाकायला लावलं. धाकटी बहीण तेव्हा आत होती. मला काहीच ऐकू येईना. "हातानं धरू नको. श्वास रोख. आता थांब." मी थांबलो. मग अगदी दूरवर, रेतीतून घोडं दौडत यावं तसं काहीतरी आलं. ती मनगटावरच्या घड्याळाकडं बघत पंधरा सेकंद ठोके मोजी आणि चारानं गुणी. मिनिटाला एकशेवीस ते एकशेसाठच्या दरम्यान असले तर तिचा चेहरा सैल पडायचा. माणसांचं गाऱ्हाणंही ती असंच ऐकायची. मध्ये शब्द नाही, सल्ला तर नाहीच. सासुरवाशिणी तिच्याकडं पाठदुखीचं औषध मागायला म्हणून येत आणि तासाभरानं औषध न घेताच परत जात.

३. देताना उपदेश जोडू नये.

१९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. घरोघरी मिलो ज्वारीची तांबूस, तुकडे पडणारी भाकरी. दुष्काळी कामावर पोटुशा बायाही खडी फोडत होत्या. आत्या सायकलवर तिथं जायची, पिशवीत गूळ. "हे खा" एवढंच म्हणायची. चर्चला या, देवाला स्मरा, अशातलं काहीही नाही. कुणीतरी तिला टोकलंसुद्धा, की बाई, साक्ष देण्याची चांगली संधी घालवता. ती म्हणाली, "तोंडात गूळ असताना माणसाला आणखी काय सांगायचं?"

४. 'देवाची इच्छा' हे शब्द दुःखाच्या घरात उच्चारू नयेत.

ज्या घरात मूल हाती लागलं नाही, तिथं ती कुणालाही हे म्हणू देत नसे. पाळकसाहेबांनाही नाही. स्वतः चूल पेटवायची, चहा करायची, रक्ताची लुगडी ओढ्यावर नेऊन धुवायची. वहीत अशा नोंदी आहेत, मी मोजल्या नाहीत. तिथं वजन नाही, मुलगा-मुलगी नाही. तारीख, गाव आणि एक शब्द: 'थांबले.'

तिची श्रद्धा डळमळली का कधी? मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

५. बेसूर असलो तरी गावं.

रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर चालतात. आत्याला सूर नव्हता, झांजा मात्र तिच्याच हातात. तबलजी तिच्याकडं बघणं टाळायचा. 'स्मृतिचित्रे' ती दरवर्षी वाचायची आणि त्याच त्याच जागी मोठ्यानं हसायची. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, हे सांगताना तर जणू आपल्याच वहिनीनं केलं असा तोरा! कापणीच्या सणाला परसातला भोपळा चर्चमध्ये वाहायची आणि लिलावात स्वतःच बोली लावून चढ्या भावानं सोडवून आणायची. घरी आल्यावर त्याचे घारगे. "महाग पडले गं बाई," असं म्हणत खायची.

६. माणसाला नाव असतं, पण आकड्यातही माया मावते.

हे मला दफनाच्या दिवशी कळलं. आम्ही अमुक इतके जण येतील असा अंदाज बांधून चहा सांगितला होता, तो पहिल्या अर्ध्या तासातच संपला. गेटपाशी एक टेंपोवाला उभा, चपला काढून. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "मी तीनशे सात."

रस्त्यात आत्या त्याला त्याच नावानं हाक मारायची. तो पायाळू, पायाकडून जन्मलेला. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. आत्या नर्स, तिचा यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी पाठ धरली की ती त्याचा टेंपो थांबवायची, भर रस्त्यात त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, "मार लाथ. तुझ्यापायी मी रात्रभर जागलेय, तुझा हक्क आहे." तो लाजून नुसता अंगठा टेकवायचा. ती हसत पुढं जायची.

संध्याकाळी मी वही काढली. '३०७. मुलगा. पायाळू. पावणेतीन किलो. आई बरी.' आणि खाली, दुसऱ्या शाईत: 'गाडी फार जोरात चालवतो. सांगणे.'