फळा पुसू नकोस

तुझा फोन ठेवला आणि हसूच आलं गं. जपानच्या शाळा बघायला निघालीस आणि विचारतेस काय, तर साडी नेसू की ड्रेस घालू! काहीही घाल, मोजे मात्र धड ने. शाळेच्या दारातच बूट काढून पाहुण्यांच्या सपाता घालाव्या लागतात. स्वच्छतागृहाच्या सपाता वेगळ्या. मी त्याच घालून थेट चौथीच्या वर्गात शिरले होते. पोरं तोंडावर हात धरून हसत होती आणि मला वाटलं, माझं 'ओहायो'च चुकलं.

तू मासे खात नाहीस, तेही आधीच कळवून ठेव. नुसत्या भाजीच्या सुपातसुद्धा बहुतेकदा वाळवलेल्या माशांचा अर्क असतो.

आणि हो, जायच्या आधी 'तोत्तोचान' पुन्हा वाचायला घेऊ नकोस. आपण सगळ्या बायांनी ते पुस्तक उशाशी ठेवलंय. पण त्यातली कोबायाशी सरांची तोमोए ही त्या काळातही जगावेगळीच शाळा होती, आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. तू तिच्यासारखे आगगाडीच्या डब्यातले वर्ग शोधत बसलीस, तर समोरचा वर्ग दिसायचा नाही. समोर असतात तीस-पस्तीस मुलं, खडू आणि फळा. हो, फळाच. रोबो वगैरे मनातून काढून टाक.

दुपारी पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच जेवण वाढतात. बाईंचं ताटही तेच. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही. उरलेल्या एका पुडिंगसाठी दगड-कागद-कात्री झाली आणि हरलेलं पोर निमूट जागेवर जाऊन बसलं. मग सफाई. केर काढायचा, फडकं ओलं करून फरशी पुसायची, बाईंनीसुद्धा. याचे व्हिडिओ तू पाहिलेच असशील. मीही काढले.

तिथंच मी फसले. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात झाडू वाटले. तिसऱ्या दिवशी एक आई दारात येऊन उभी राहिली. "बाई, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूच होता. तो सुटावा म्हणून तर पोराला शाळेत घातलं." मला उत्तर सुचेना. मग वर्गाकडे नीट पाहिलं, तर झाडू सगळे मुलींच्या हातात, मुलगे भिंतीला टेकून उभे आणि मी खुर्चीत. तिकडे तो सगळ्यांच्याच हातात असतो, म्हणून नुसता झाडू असतो. हे मला विमानातच कळायला हवं होतं.

तू फळा बघ. पाचवीच्या वर्गात समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ चाललं होतं. तास ४५ मिनिटांचा आणि उदाहरण एकच. बाईंनी डाव्या कोपऱ्यात आकृती चिकटवली, एक प्रश्न विचारला आणि गप्प झाल्या. सूत्राचं नाव नाही. कुणी एका बाजूचा त्रिकोण कापून दुसऱ्या बाजूला जोडला, कुणी चौकटी मोजल्या. एकानं पाया आणि तिरकी बाजू यांचा सरळ गुणाकार केला. आपली मुलंही हमखास करतात तीच चूक. बाईंनी ती बरोबर उत्तरांच्या शेजारी, त्याच्या नावासकट लावली, आणि सगळा वर्ग तिच्यावरच बोलत राहिला. ते पोरही बोललं. तास संपला तेव्हा डावीकडून उजवीकडे अख्खा तास फळ्यावर वाचता येत होता. बाईंनी एकदाही डस्टर उचललं नव्हतं. मी पंचवीस वर्षं शिकवतेय. एका तासात तीनदा फळा पुसते, आणि चुकलेलं उत्तर तर बोटानंच, घाईघाईनं.

त्या तासाला शाळेतले बाकीचे शिक्षक मागे उभे राहून टिपणं घेत होते. मुलं घरी गेल्यावर सगळे त्या एका तासावर बोलायला बसले. मुलांना कुठं अडलं, तो प्रश्न वेगळा विचारला असता तर? याला ते 'ज्युग्यो केन्क्यू' म्हणतात. आपल्याकडे डी.एड.चे सराव पाठ संपले की मागच्या बाकावर येऊन बसतात ते फक्त साहेब, आणि तेही टाचणवही तपासायला.

भारावून मात्र जाऊ नकोस. त्याच बाई रात्री आठलाही शिक्षकांच्या खोलीत काम करत बसलेल्या मी पाहिल्यात. आणि २०२३ च्या शालेय वर्षात तिथली प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिकची ३ लाख ४६ हजारांहून जास्त मुलं, आजारपण किंवा गरिबी हे कारण नसताना, वर्षाकाठी ३० दिवस किंवा त्याहून अधिक शाळेत आलीच नाहीत. एवढ्या सरळ रांगा बघताना मला मधूनच धास्ती वाटायची, ती उगीच नव्हती. रांगेत नसलेल्या मुलांबद्दलही विचार. मी विचारलं नाही.

माझे झाडू कपाटामागे पडलेत. फळा मात्र गेल्या जूनपासून तास संपेपर्यंत पुसत नाही. बाजूचे जुने तक्ते काढून जागा केलीय. तू परत आलीस की एक दिवस रजा टाक आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बस. वही आण. काय खटकलं ते चहाच्या वेळी सांग, भीड ठेवू नकोस.