तुटलेला मज्जातंतू

ताडकळसच्या काळ्याभोर शिवारात ज्वारीची कापणी चालू असता एखाद्या शेतमजूर बाईच्या मनगटात विळा खोल रुततो. रक्त थांबते, जखमही भरून येते. परंतु अंगठा व शेजारची बोटे बधिरच राहतात. भाकरी उलथताना चटका बसला, तरी तो कळत नाही. मनगटातील मज्जातंतू तुटला, हेच याचे कारण होय.

मज्जातंतू तुटला की त्याचा पुढचा भाग झिजून जातो. मागचा भाग मात्र जिवंत असतो व पुन्हा वाढू लागतो. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘श्वान पेशी’ त्याला वाट दाखवितात व पोषण पुरवितात. तथापि ही वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर एवढीच असते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर वीतभरही नसते. पण ते ओलांडण्यास सहा महिने लागतात. इजा खांद्याजवळ असेल, तर वर्षे जातात. तोवर स्नायू सुकतात आणि श्वान पेशीही दुबळ्या होतात.

कुष्ठरोगाचे जंतू नेमके याच पेशींत घर करतात. म्हणूनच त्या रोगात बोटे बधिर होतात व वाकतात. मुंबईचे शल्यविशारद डॉ. नोशिर अंतिया यांनी अशा रुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि मज्जातंतूंच्या इजेचा अभ्यासही चालविला.

तुटलेली टोके शल्यविशारद सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शिवतात. अंतर मोठे असल्यास पोटरीतील मज्जातंतूचा तुकडा मध्ये जोडतात. परंतु त्यामुळे पावलाचा काही भाग बधिर होतो. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ मूलपेशींकडे वळले आहेत. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या या पेशी श्वान पेशींसारखे काम करू शकतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्यामुळे मज्जातंतूंच्या वाढीस मदत झाल्याचे दिसले आहे.

माणसांवरील कसोटी मात्र अद्याप पुरी व्हावयाची आहे. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या व अन्य काही ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतो. पैसे घेऊन हमखास गुणाचे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे.

त्या बाईच्या हातात आज एक गोष्ट निश्चित आहे. जखमेनंतर बोट बधिर वाटले, तर जखम भरण्याची वाट न पाहता शल्यविशारदाकडे जावे. मज्जातंतू सावकाश वाढतो. म्हणूनच माणसाने विलंब करू नये.