एका विलापिकेमागचे जहाज

वर्ड्‌स्वर्थ म्हटला की डॅफोडिल्सची फुले आणि सरोवरांचा शांत प्रदेश डोळ्यांसमोर येतो. परंतु पील कॅसलच्या चित्रावर त्याने लिहिलेल्या विलापिकेत समुद्र खवळलेला आहे आणि निसर्गावरील कवीची जुनी श्रद्धा हादरलेली आहे. हे का घडले, याचे उत्तर एका व्यापारी जहाजाच्या हकिकतीत सापडते.

‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हनी’ हे जहाज १७९६ साली टेम्स नदीकाठी नॉर्थफ्लीट येथे बांधले गेले. ईस्ट इंडिया कंपनीसाठी माल वाहणाऱ्या सर्वांत मोठ्या जहाजांत त्याची गणना होई. १८०१ मध्ये कवीचा धाकटा भाऊ जॉन त्याचा कप्तान झाला. चीनहून परतताना फेब्रुवारी १८०४ मध्ये पुलो ऑरा बेटाजवळ ताफ्याची फ्रेंच नौदलाशी गाठ पडली. ताफ्याचा प्रमुख डान्स याने काही व्यापारी जहाजे युद्धनौकाच आहेत असे भासविले, आणि फ्रेंचांनी माघार घेतली.

कंपनीच्या कप्तानाला जहाजातील काही जागा स्वतःच्या मालासाठी मिळे. त्याची खरी कमाई तीच. या कमाईतून विल्यमला निर्वेधपणे कविता लिहिता यावी, अशी जॉनची इच्छा होती. विल्यम व बहीण डोरथी यांनीही त्याच्या व्यापारात पैसे घातले होते. पहिल्या दोन सफरींत मनासारखा नफा झाला नाही. म्हणून बंगालमार्गे चीनला जाणाऱ्या तिसऱ्या सफरीवर सारी भिस्त होती.

१ फेब्रुवारी १८०५ रोजी जहाजाने पोर्टस्मथ सोडले. संरक्षक युद्धनौकेशी ताटातूट झाल्याने ते पोर्टलंडच्या आश्रयाला वळले. ५ तारखेला, स्थानिक वाटाड्या जहाजावर असतानाच वारा पडला आणि पाण्याच्या ओढीने जहाज शँबल्स नावाच्या उथळ बांधावर आदळले. तेथून ते सुटले, पण तळ फुटला होता. पंप अपुरे पडले. वेमथचा किनारा दोन-तीन किलोमीटरवर असताना रात्री अकराच्या सुमारास ते बुडाले. डोलकाठ्यांचे शेंडे तेवढे पाण्यावर राहिले. दोरखंडांना धरून काहीजण कडाक्याच्या थंडीतून वाचले. सुमारे ४०० जणांपैकी २५० हून अधिक दगावले. जॉनही गेला.

कप्तानाने हातपाय गाळले, अशी कुजबुज झाली. तेव्हा कंपनीच्याच कचेरीत कारकून असलेल्या चार्ल्स लॅम्बने, आपल्या परिचित निबंधकाराने, वाचलेल्यांकडे विचारपूस करून खरी हकिकत मिळविली. जॉन अखेरपर्यंत कर्तव्यावर होता, हा दिलासा वर्ड्‌स्वर्थला त्यातूनच लाभला.

आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझी फी थोरल्या भावाच्या मजुरीतून भरली जाते. म्हणूनच, एकाच्या लेखणीला सवड मिळावी म्हणून दुसरा समुद्रावर गेला, ही गोष्ट मला कवितेइतकीच महत्त्वाची वाटते. मात्र एक प्रश्न उरतोच. जहाजातील चांदीच्या नाण्यांच्या पेट्या पुढे खटपट करून वर काढण्यात आल्या. कप्तानासाठी विलापिका लिहिली गेली. पण त्याच्याबरोबर बुडालेल्या खलाशांच्या घरी कोणी कवी नव्हता. ती विलापिका वाचताना त्यांचीही आठवण ठेवणे, हा मला तिच्या अभ्यासाचाच एक भाग वाटतो.