तबकडीवरचा आवाज : संग्रह आणि जतन

मनुष्याला अक्षर लिहून ठेवण्याची विद्या साधून हजारो वर्षे लोटली. आवाज साठवून ठेवण्याची विद्या मात्र त्याला कालपरवा साधली असेच म्हटले पाहिजे. ज्ञानेश्वर माउलींची ओवी आज आपण वाचू शकतो, परंतु त्यांच्या मुखातून ती कशी उमटत असेल हे कोणीही सांगू शकणार नाही. शिवछत्रपतींची आज्ञापत्रे आहेत, पण त्यांचा आवाज नाही. १८७७ साली टॉमस एडिसन या अमेरिकन संशोधकाने फोनोग्राफ यंत्र बनविले आणि मानवी कंठातून निघालेला ध्वनी प्रथमच यंत्रातून पुन्हा ऐकू आला. एडिसनचे यंत्र नळकांड्यावर ध्वनी कोरीत असे. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी योजिली. तीच आपल्या परिचयाची ग्रामोफोनची तबकडी होय.

आमच्या पेडणे-डिचोली भागातील कित्येक जुन्या घरांतून माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी अशा तबकड्या पडून असतात. घराची डागडुजी निघाली की त्या पेटीकडे लक्ष जाते, आणि पुष्कळदा ती भंगारवाल्याच्या गाडीत जाते. अशा वेळी त्या पेटीत काय आहे हे ओळखणारे घरात निदान एक तरी माणूस असावे, आणि ते माणूस शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

तबकडी कशी बोलते?

जुनी तबकडी लाखेची असे. छोटा नागपूरच्या जंगलांतील झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ तयार करतात, त्यात दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून, तापवून आणि साच्यात दाबून ती बनवीत. तिच्या दोन्ही अंगांना कडेकडून मध्याकडे जाणारी एक अखंड नागमोडी खाचणी असते. गायकाच्या आवाजाने हवेत ज्या लहरी उठल्या, त्यांचीच ती वळणे. सुई त्या वळणांतून जाताना थरथरते, आणि ती थरथर मोठी करून कर्ण्यातून आपल्या कानी पडते.

अशी तबकडी मिनिटाला सुमारे ७८ वेळा फिरते. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटे चाले. म्हणजे एका गाण्यात तिचे २३४ फेरे होत. सर्व फेरे उलगडून सरळ रेषेत मांडले, तर ती खाचणी सुमारे सव्वाशे मीटर लांब भरेल. गणितात रुची असणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

या तीन मिनिटांच्या मर्यादेचा परिणाम गाण्यावरही झाला. जो राग मैफलीत तासभर रंगवायचा, त्याचे सारे सार तेवढ्या वेळात मांडण्याचे कसब आमच्या गायक-गायिकांनी हस्तगत केले. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. त्यापूर्वी कलावंताला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी ‘लाँग प्ले’ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ मावू लागला, आणि हळूहळू लाखेची तबकडी मागे पडली.

लेबलावरचा गोवा

भारतात कंपनीच्या वतीने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. फ्रेड गाइसबर्ग या तंत्रज्ञाने तेथे गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या जर्मनीत छापून येत. तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून गौहरजान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना उभा राहिला आणि लवकरच मराठी नाट्यपदे घरोघर ऐकू येऊ लागली.

या तबकड्यांच्या गोल लेबलांवर गोमंतकातील गावे लिहिलेली आढळतात. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, केरीच्या केसरबाई केरकर या सर्वांनी आपल्या गावाचे नाव आडनावात बाळगले. आमच्या पेडणे तालुक्यातील मालपे गावी १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर यांनी तेच केले. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनी त्यांच्यापाशी विद्या घेतली, आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

लेबल मात्र जाणतेपणाने वाचावे लागते. ‘केरकर’ हे आडनाव पाहून आमच्या पेडण्याचा विद्यार्थी म्हणेल, ‘या तर तेरेखोलच्या काठावरील केरीच्या.’ सत्तरीचा विद्यार्थी आपल्या केरीचे नाव सांगेल. वस्तुतः केसरबाई फोंडा तालुक्यातील केरीच्या. एका नावाची तीन गावे असतील, तेथे नुसत्या लेबलावर विसंबून चालत नाही. घरातील जाणत्या माणसाची साक्ष जोडावी लागते.

मोगूबाईंची कुर्डी १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. आता उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा काही दिवस तिचे अवशेष दिसतात आणि पाऊस लागताच पुन्हा बुडतात. गाव गेले, परंतु मोगूबाईंच्या गाण्याची मुद्रणे आजही ऐकता येतात.

केसरबाईंच्या बाबतीत तर याहून नवल घडले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. परग्रहावर कोणी असलाच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविली. तिच्यासाठी भारतीय संगीतातून रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचविली. परंतु ती तबकडी बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागील बाजूस ठेवलेल्या खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या. साडेतीन मिनिटांचे ते गाणे आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करीत आहे. दुसरे यान सुटल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. दुकानदाराने ते खोके टाकून दिले असते तर? घरातील जुनी पेटी बाहेर काढताना हा प्रश्न प्रत्येकाने मनाशी विचारावा.

यंत्रांच्या आवाजाच्या तबकड्या

व्हॉयेजरच्या तबकडीवर गाण्याबरोबर पृथ्वीवरील इतर ध्वनीही आहेत : पाऊस, बेडूक, लोहाराचा घण, आगगाडी, बस, मोटार आणि विमान. पंचावन्न भाषांतील अभिवादनांत मराठीही आहे. आमची कोंकणी मात्र तेथे नाही. आवाज संग्रहित करणाऱ्याने जे निवडले ते टिकते आणि जे राहिले ते राहूनच जाते, हे येथे ध्यानी येते.

मोटारीचा आवाज का बरे जपावा, असे कोणी विचारील. पाश्चात्त्य देशांत १९५० नंतरच्या काळात अशा आवाजांच्या स्वतंत्र तबकड्याच निघाल्या. फ्लोरिडातील सेब्रिंग येथील १९५६ च्या मोटारशर्यतीचे आवाज रिव्हरसाइड कंपनीने तबकडीवर आणले. अमेरिकेत ‘ड्रॅग रेस’ नावाचा शर्यतीचा एक प्रकार आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, इशारा मिळताच सुटतात, आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर काही सेकंदांत तोडतात. या शर्यतीच्या आवाजांची तबकडी कॅपिटल कंपनीने १९६३ साली प्रसिद्ध केली. अशा तबकडीवर पदार्थविज्ञानाचा एक धडाच ऐकू येतो : गाडी जवळ येताना तिचा आवाज उंच पट्टीत असतो, आणि समोरून निघून जाताच एकाएकी खाली उतरतो. शास्त्रज्ञ डॉप्लर याने वर्णिलेला परिणाम तो हाच.

विन्स्टन लिंक नावाच्या छायाचित्रकाराने वाफेच्या आगगाड्यांचे आवाज रात्री-अपरात्री रुळांकाठी उभे राहून टिपले व १९५७ पासून त्यांच्या तबकड्या काढल्या. ज्या रेल्वेवर तो हिंडला, तिने १९६० साली वाफेची इंजिने बंद केली. प्रसिद्ध झाल्या तेव्हा ज्या तबकड्या केवळ गंमतीच्या वाटल्या, त्यांतील कित्येकांसाठी आज संग्राहक धडपडतात. कारण ते इंजिन, तो रस्ता आणि तो जमाव आता अस्तित्वात नाही.

हीच गोष्ट आपल्या तालुक्यांना लावून पाहा. डिचोलीच्या मुलांना खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगांचा आणि मांडवीवरील बार्जांच्या इंजिनांचा आवाज नको नकोसा होई. २०१२ साली, आणि पुन्हा २०१८ साली, न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा रस्ते एकाएकी मुके झाले. शिवोली-चोपडे पूल झाला आणि तेथील फेरीबोटीची धडधड संपली. मोपाच्या पठारावर पूर्वी वारा आणि गुरांच्या गळ्यातील घंटा ऐकू येत; २०२३ च्या जानेवारीपासून तेथे विमाने उतरत आहेत. रोज ऐकू येणारा आवाज जपावा असे कोणालाच वाटत नाही, म्हणून तोच सर्वांत आधी हरवतो.

राखण कशी करावी?

१. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्यास खालच्या तबकड्यांवर भार येतो. लाखेची तडकते, व्हिनाइलची वाकते.

२. तबकडी कडेला व मध्यावरील लेबलाला धरून उचलावी. खाचणीला बोटांचा घाम लागला की तेथे धूळ व बुरशी धरते.

३. आपला खरा शत्रू पावसाळा. मोठ्या संग्रहालयांत तपमान २० अंशांच्या आसपास व हवेतील आर्द्रता सुमारे ४० टक्के राखतात. आपल्या घरी आषाढ-श्रावणात हे शक्य नाही. परंतु पेटी ओलसर भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवणे, आणि बुरसटलेली कागदी पाकिटे बदलणे एवढे तरी शक्य आहे. जुन्या पाकिटावर काही लिहिलेले असल्यास ते फेकू नये. वाळवून वेगळे जपावे.

४. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावू नये. सुतार लाकडाला जे पॉलिश देतो ते स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचेच असते. तबकडीही तशीच विरघळेल. शुद्ध पाण्याने किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने, खाचणीच्या दिशेने, लेबल न भिजविता पुसावे.

५. मिळेल त्या यंत्रावर तबकडी लावून पाहण्याचा मोह आवरावा. जुन्या तबकडीची खाचणी लाँग प्लेच्या मानाने सुमारे तिप्पट रुंद असते. तिला तशीच रुंद सुई हवी. पोलादी सुई तर प्रत्येक बाजूस नवी घालण्याचा प्रघात होता. झिजलेल्या सुईने गाणे एकदाच वाजेल, पण कायमचे खरवडले जाईल.

प्रत आणि नोंद

तबकडी कितीही जपली तरी ती एके दिवशी झिजणारच. म्हणून जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करवून घ्यावी, आणि एकाऐवजी दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. प्रत करताना वेगाकडे लक्ष असावे. आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविली, तर गायिकेचा षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो. पेटी वाजविणाऱ्या जाणत्या माणसाचा सल्ला येथे उपयोगी पडतो.

परंतु नोंदीवाचून प्रत म्हणजे नाव नसलेला फोटो. नोंदवहीत पुढील गोष्टी अवश्य लिहाव्यात : कंपनीचे नाव, लेबलाचा रंग, तबकडीचा क्रमांक, लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेला बारीक क्रमांक, गायक, राग किंवा नाटकाचे नाव, आणि तडे-चरे. याखेरीज ही तबकडी घरात कोणी आणली, कोठून आणली आणि ती कोणत्या प्रसंगी लागत असे, हेही लिहावे. पहिल्या गोष्टी जगात अन्यत्र कदाचित मिळतील. या शेवटच्या तुमच्याच घरी मिळतील. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या संग्राहकांनी अशाच नोंदींतून भारतीय ध्वनिमुद्रणाचा मोठा इतिहास जुळवून आणला आहे.

चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात; आजी-आजोबा, काका-आत्या एका छपराखाली जमतात. विद्यार्थीमित्रहो, तो प्रसंग साधा. माळ्यावरची पेटी खाली उतरवा, लेबले वाचून दाखवा आणि वडीलधाऱ्यांना बोलू द्या. त्यांचे बोलणे, त्यांच्या परवानगीने, मोबाइलवर टिपून घ्या. तेही ध्वनिमुद्रणच होय. पेटी नसेल तर केरी-तेरेखोलची फेरीबोट, डिचोलीचा बाजार किंवा गावच्या देवळातील नौबत यांचा आवाज टिपा, आणि त्याखाली दिवस, वेळ, ठिकाण व आपले नाव लिहा. ही नोंदवही शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येईल. पुढल्या वर्गातील मुले तिच्यात भर घालतील.