जुन्या लहान मोटारीतील वातानुकूलन : रचना आणि निगा

उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी थंड होते, ते का, हे शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना लागणारी उष्णता ते माठातील पाण्यापासूनच घेते. ह्या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. मोटारीतील वातानुकूलन यंत्रही ह्याच तत्त्वावर चालते. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. माठातील पाणी हवेत उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. मोटारीतील द्रव बंद नळ्यांतून फिरतो, आणि त्याची झालेली वाफ पुन्हा द्रव होऊन परत येते. म्हणून यंत्र निर्दोष असेल तर ते दरवर्षी भरावे लागत नाही. हा भेद ज्यास नीट उमगला, त्यास जुन्या मोटारीच्या वातानुकूलनाची निगा कशी राखावी हे समजण्यास वेळ लागणार नाही.

यंत्राची रचना

उदाहरणादाखल आपण मारुती 800 ही मोटार घेऊ. 1983 च्या डिसेंबरात ती प्रथम रस्त्यावर आली आणि 2014 च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तिचे एंजिन तीन सिलिंडरांचे व 796 घन सेंटिमीटरांचे आहे. जोधपूरच्या धुळीपासून चेन्नईच्या दमट हवेपर्यंत देशाच्या सर्व भागांत ती चालली आहे.

वातानुकूलनाचे मुख्य भाग चार. पहिला कंप्रेसर. तो एंजिनावरील पट्ट्याने फिरतो आणि थंड वाफेस दाबून उष्ण करतो. दुसरा कंडेन्सर, म्हणजे मोटारीच्या नाकाशी बसविलेली नळ्यांची जाळी. येथे उष्ण वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेस देऊन द्रव होते. तिसरा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. ह्याच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडताच द्रवावरील दाब एकदम उतरतो. चौथा भाग डॅशबोर्डाच्या आत असतो. कारागीर त्यास कूलिंग कॉइल म्हणतात. येथे द्रवाची पुन्हा वाफ होते आणि ती लागणारी उष्णता आतील हवेतून घेते. ह्याखेरीज वाटेत ड्रायर नावाची एक लहान डबी असते. ती नळ्यांतील ओलावा शोषून घेते.

ह्या नळ्यांतून फिरणाऱ्या पदार्थास कारागीर नुसते ‘गॅस’ म्हणतात. 1990 च्या दशकापूर्वीच्या मोटारींत तो आर-12 असे. पुढे त्याची जागा आर-134ए ने घेतली. वातावरणाच्या दाबाखाली आर-134ए उणे 26 अंश सेल्सिअसवर उकळतो. लहान मोटारीत तो साधारणतः अर्धा किलोग्रॅमच्या आसपास असतो. नेमके वजन बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते.

थंडावा कमी झाला, तर

थंडावा कमी झाला की ‘गॅस संपला’ असे म्हणण्याची सर्वत्र रीत आहे. परंतु पेट्रोल जसे जळून संपते तसा हा गॅस संपत नाही. रबरी नळ्यांतून व सांध्यांतून कित्येक वर्षांत थोडीशी तूट येते, हे खरे. पण एकाच उन्हाळ्यात थंडावा नाहीसा झाला, तर कोठेतरी गळती आहे असेच समजावे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

तथापि गॅसकडे वळण्यापूर्वी सोपी कारणे पाहावीत. कंडेन्सरच्या पात्यांत धूळ, चिखल व मेलेले कीटक अडकले असतील, तर उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. मऊ ब्रश व पाण्याची मंद धार एवढ्याने तो स्वच्छ होतो. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात, म्हणून तो टाळावा. यंत्र सुरू असता कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही, तेही पाहावे. मोटार धावताना गारवा चांगला आणि चौकात थांबली की नाहीसा, असे होत असेल, तर दोष बहुधा ह्या पंख्यात किंवा कंडेन्सरच्या मळात असतो. पट्टा सैल असल्यास कंप्रेसर पुरेसा फिरत नाही. एंजिन बंद करून पट्ट्याचा ताण व त्यावरील चिरा तपासाव्यात.

जुन्या लहान मोटारींत आतील हवा गाळणारी जाळी बहुधा नसे. त्यामुळे वर्षानुवर्षांची धूळ व पाचोळा थेट कूलिंग कॉइलवर बसतो. वारा मंद येतो आणि कुबट वास सुटतो. अशा वेळी कॉइल बाहेर काढून धुणे हाच उपाय. मोटारीखाली पाणी ठिबकणे हा मात्र दोष नव्हे. हवेतील बाष्प थंड कॉइलवर साचून ते पाणी होते. कोलकात्याच्या दमट हवेत ते पुष्कळ पडेल, राजस्थानच्या कोरड्या उन्हात थोडेच. हेच पाणी आत पायांशी येऊ लागले, तर त्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

दाबमापक काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुष्कळ ठिकाणी केवळ दाबमापक पाहून गॅस भरतात. येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. बंद भांड्यात द्रव व त्याची वाफ एकत्र असतील, तर तेथील दाब तापमानावर अवलंबून असतो, द्रवाच्या प्रमाणावर नाही. 30 अंश तापमानास बंद मोटारीतील आर-134ए चा दाब मापकावर दर चौरस इंचास सुमारे 97 पौंड दिसेल. आत अर्धा किलोग्रॅम असो वा त्याच्या निम्मा, द्रवाचा अंश शिल्लक आहे तोवर आकडा तोच राहील. यंत्र चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब दोषाचा माग देतात. परंतु तेही बाहेरच्या उष्म्याप्रमाणे बदलतात. म्हणून गॅस वजन करूनच भरावा. जास्त भरला तर दाब वाढतो, थंडावा उलट घटतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

गळतीचा माग पुष्कळदा तेलाच्या डागावरून लागतो, कारण गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरत असते. सांध्यावर ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसला की तेथे संशय घ्यावा. कारागीर नळ्यांत नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडे आले की जागा सापडली. दुरुस्तीनंतर नवा ड्रायर बसवावा आणि पंपाने नळ्या निर्वात कराव्यात. हे काम घाईचे नव्हे. दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागापर्यंत उतरला की पाणी 30 अंशांवरच उकळते. त्याहून खाली उतरवून पंप अर्धा तास तरी चालू ठेवला, म्हणजे आतील ओलावा वाफ होऊन निघून जातो. तो राहिला तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन मार्ग अडवितो आणि पुढे धातूही खातो.

आर-12 च्या यंत्रात आर-134ए तसाच भरू नये. पहिल्याचे खनिज तेल दुसऱ्यात मिसळत नाही. मग तेल परत न आल्याने कंप्रेसर कोरडा पडतो. तेल, ड्रायर व आवश्यक तेथे रबरी कडी बदलूनच हे परिवर्तन करावे. स्वयंपाकाचा गॅस भरणे तर सर्वथा वर्ज्य होय; तो ज्वालाग्राही आहे, आणि कूलिंग कॉइल प्रवाशांच्या समोरच असते.

गळतीचे मोल

गळलेला गॅस कोठे जातो? आर-12 सारखी द्रव्ये वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोनचा नाश करतील, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड ह्यांनी 1974 मध्ये दाखविले. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला आणि 2010 पासून औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद वगळता ह्या द्रव्यांचा व्यवहार आपल्या देशात थांबला.

आर-134ए ओझोनास अपाय करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलोग्रॅम सुमारे 1300 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवितो. अर्धा किलोग्रॅम गॅस उडाला, तर ते सुमारे 280 लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. लिटरास 15 किलोमीटर धरल्यास तेवढ्या पेट्रोलवर मोटार मुंबईहून दिल्लीस जाऊन परत येईल आणि पुन्हा दिल्लीस पोचेल! ह्याच कारणास्तव 2016 च्या किगाली दुरुस्तीने ह्या द्रव्यांसही मर्यादा घातली. भारताने तिला 2021 मध्ये संमती दिली.

नित्याची निगा

हिवाळ्यातही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे यंत्र चालवावे. त्याने तेल फिरते आणि कंप्रेसरच्या दांड्यावरील सील कोरडे पडून गळत नाही. उन्हात उभी असलेली मोटार निघताना प्रथम काचा उघडून तापलेली हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवावी. लहान एंजिनावर कंप्रेसरचा भार जाणवतो. म्हणून मोठ्या चढावर यंत्र थोडा वेळ बंद ठेवणे इष्ट. नळ्यांचे सांधे स्वतः सोडू नयेत. उसळलेला द्रव त्वचेस व डोळ्यांस गोठवितो. बंद गॅरेजात एंजिन चालू ठेवून थंड हवेत बसणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कारागिराकडे गेल्यावर ‘गॅस भरा’ असे न सांगता ‘गळती कोठे आहे ते आधी दाखवा’ असे सांगावे. त्यात मालकाचे पैसे वाचतात, यंत्राचे आयुष्य वाढते आणि वातावरणाची हानीही टळते.

अभ्यासासाठी प्रश्न

1. माठ आणि मोटारीतील वातानुकूलन यंत्र ह्यांतील साम्य व भेद सांगा.
2. बंद मोटारीतील दाबावरून गॅसचे प्रमाण का कळत नाही?
3. आपल्या गावी मोटारीखाली पाणी जास्त कोणत्या ऋतूत ठिबकते? निरीक्षण करून कारण लिहा.